मॉडेल पस्तीस, सकाळी स्टार्ट घेत न्हाई

तमाम सातारा व सांगली जिल्ह्यांतील गुडघेधारक नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, इस्लामपूर-शिराळा रस्त्यावरील आमच्या गावात येताना प्रत्येकाने आपले गुडघे स्वतःच्या जबाबदारीवर आणावेत. येथे निवृत्त हवालदार सर्जेराव मिस्त्री राहतात. ते कोणत्याही क्षणी आपल्याला वाटेत अडवतील, आपल्यासमोर उकिडवे बसतील, फूटभर लांबीचा पेचकस आपल्या गुडघ्याच्या वाटीवर टेकवतील, त्याची लाकडी मूठ स्वतःच्या कानाला लावतील आणि म्हणतील, "बस. उठ. परत बस."

आपण उठाल आणि बसाल. माझा अनुभव आहे, नाही म्हणायला कुणालाच जमत नाही. मागं एक उमेदवार मतं मागायला आले होते. ते भर चौकात चार वेळा उठले-बसले आणि डावा गुडघा 'टकटक' असल्याचं ऐकून, पडलेला चेहरा घेऊन पुढच्या गावाला गेले. निवडणूकही हरले. मिस्त्री म्हणाले, "मी आदीच सांगितलं हुतं, बोल्ट ढिला हाय."

पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. जुने मिस्त्री चालू इंजिनाला त्याचं टोक लावतात, मूठ कानाशी धरतात आणि आत नेमकं काय कुरकुरतंय ते ओळखतात. सर्जेराव मिस्त्रींनी हे काम फौजेत चोवीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर गावात गॅरेज काढून पंधरा वर्षं उसाचे ट्रॅक्टर ऐकले. मग गॅरेज बंद केलं, पण कान बंद होईनात. तेव्हा ते माणसांकडं वळले.

त्यांचं शास्त्र सोपं आहे. करकर म्हणजे वंगण संपलं. टकटक म्हणजे काहीतरी ढिलं झालं. खुळखुळ म्हणजे वाटी जागेवर नाही. आणि पेशंट मध्येच "पण मिस्त्री, मला दुखतंय ते इथं वरच्या बाजूला" असं काही सांगू लागला, तर पेचकस न हलवता म्हणायचं, "तू गप. माणूस खोटं बोलतंय, आवाज न्हाई."

माझं गावात औषधाचं दुकान आहे. त्यामुळं मला कुणी नावानं हाक मारत नाही. मी 'मेडिकल'. मिस्त्रींचं आणि माझं चांगलं जमतं, कारण ते गुडघे ऐकतात आणि त्या गुडघ्यांच्या गोळ्या मी देतो. "तू गोळ्या इकतोस मेडिकल, आमी गोळ्यांत उभं ऱ्हायलो," हे मला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं. खरं पाहता त्यांनी सगळी नोकरी गोळीबारापासून पुष्कळ मागं, वर्कशॉपात, ट्रकच्या बॉनेटखाली काढली. पण हे मी त्यांच्या तोंडावर बोलत नाही. पेचकस त्यांच्या हातात असतो.

मिस्त्रींच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी मेढ्याला दिलेली, ती सणावाराला येते. बाकी घरात ते एकटे. त्यांच्या घराला भिंतीला भिंत लावून हौसाक्कांचं घर. या दोघांचं पटत नाही. कारण ऐतिहासिक आहे. बायको गेली त्याच वर्षी मिस्त्रींनी तेलकट फडकं वाळत टाकलं होतं, ते वाऱ्यानं उडालं आणि थेट हौसाक्कांच्या कुरडयांवर जाऊन पसरलं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एकमेकांना ऐकू जाईल असं तिसऱ्याशी बोलतात. तिसरा बहुधा मी असतो.

हौसाक्का अडुसष्टच्या. मुलगा फौजेत, सध्या सरहद्दीकडं. घरात त्या, सून रूपाली आणि सातवीतली नात. रूपाली पस्तिशीची, कामाला वाघीण. घर, दोन म्हशी आणि ऊस तिच्या हातावर चालायचा. हे मी शब्दशः म्हणतोय, कारण त्या हातांचीच ही गोष्ट आहे.

दसऱ्याच्या सुमारास रूपाली पहिल्यांदा दुकानात आली. म्हणाली, "बोटं दुखत्यात, एखादी गोळी द्या." मी दिली. आठ दिवसांनी परत आली, परत दिली. दिवाळीपर्यंत ती पूर्ण पाकीट न्यायला लागली. मी एकदाही विचारलं नाही की बाई, कुठली बोटं, कधी दुखतात, किती दिवस झाले. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतोय. मिस्त्रींच्या पेचकसाला हसणारा मी, काउंटरच्या अलीकडं उभा राहून कानात बोळे घालून बसलो होतो.

हौसाक्कांनी तर निदान केव्हाच करून टाकलं होतं. "वात हाय. वांगं सोड, हरभऱ्याची डाळ सोड. आणि कामाचा कंटाळा बी सोड. आमी बाळंतपणातनं उठून दळाण दळलंय. ह्यांची बोटं दुखत्यात." हे त्या भिंतीकडं तोंड करून, मला सांगत होत्या.

थंडी पडली आणि सांगलीहून एक डॉक्टर मॅडम गावात आल्या. सांधेदुखीच्या तज्ज्ञ. त्यांनी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर लावलं. औषधं माझ्याकडची असल्यानं मलाही हजर राहायला सांगितलं होतं. मॅडमबरोबर एक छोटं यंत्र होतं. त्यातून निघालेल्या वायरींची टोकं गुडघ्याला चिकटवायची, माणसाला खुर्चीतून उठवायचं-बसवायचं आणि गुडघ्याचा आवाज पडद्यावर रेघोट्यांच्या रूपात बघायचा. आवाजावरून सांध्याच्या आतलं काही कळतं का, यावर सध्या ठिकठिकाणी डॉक्टर डोकं लावून बसले आहेत, असं त्या म्हणाल्या.

ही बातमी मिस्त्रींना कोण सांगणार यासाठी गावात शर्यत लागली. ती मी जिंकली.

दहाव्या मिनिटाला मिस्त्री हॉलमध्ये हजर. इस्त्रीचा शर्ट, छातीवर दोन मेडल, हातात पेचकस.

"मॅडम, ह्यो डबा काय ऐकतोय?"

"गुडघ्याचा आवाज, काका."

"केवढ्याचा हाय?"

मॅडमनी किंमत सांगितली. मिस्त्रींनी पेचकस टेबलावर ठेवला. "ह्यो वीस रुपयाचा. बसवा कुणाला तरी."

मग जो सामना झाला त्याचं वर्णन करायला मला वेगळी लेखणी पाहिजे. खुर्चीत गावातले एक निवृत्त गुरुजी. उजव्या गुडघ्याला वायरी, त्याच गुडघ्याला डाव्या बाजूनं मिस्त्रींचा पेचकस. हॉलमध्ये शंभरेक माणूस, आणि सगळे गप्प. गुरुजी उठले. मिस्त्रींचे डोळे मिटलेले.

"निम्म्यापर्यंत गप. निम्म्याच्या वर एक करकर. मग गप. आनि पुरता उभा ऱ्हाताना एक बारकी टक."

मॅडमनी पडदा आमच्याकडं फिरवला. रेघ निम्म्यापर्यंत सपाट, मग दात्यांचा एक झुपका, परत सपाट, आणि टोकाला एक एकटी सुई. हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. गुरुजींना स्वतःला काही कळलं नव्हतं, पण त्यांनीही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला.

"वंगण संपलंय," मिस्त्रींनी निकाल दिला.

"नाही काका," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तिथं मात्र तुम्ही चुकता."

मिस्त्रींना चुकता म्हणणारा माणूस आम्ही प्रथमच बघत होतो.

मॅडम म्हणाल्या, गुडघा म्हणजे बेअरिंग नव्हे. तो जिवंत आहे. झिजतो, तसा स्वतःची डागडुजीही करत असतो. आवाज येतो म्हणून तो खराबच असतो असं नाही, चांगले गुडघेही वाजतात. कुणाचा एक्स-रे बघवत नाही आणि माणूस डोंगर चढतो. कुणाचा एक्स-रे स्वच्छ आणि माणूस जिन्यात रडतो. दुखणं सांध्यात सुरू होतं, पण ते किती मोठं व्हायचं हे माणसाची झोप, काळजी, वजन, मांडीची ताकद, अशा पुष्कळ गोष्टी मिळून ठरवतात.

मिस्त्रींनी पेचकसाच्या मुठीनं कान खाजवला. "म्हंजे गाडी का अडली ह्ये बघताना डायवर रात्री झोपलाय का न्हाई, ह्ये बी बघायचं?"

"अगदी बरोबर."

"मग ह्ये आमच्या युनिटात मी चोवीस वर्सं सांगत हुतो," मिस्त्री हॉलकडं वळून म्हणाले. "कुणी ऐकलं न्हाई." आणि पराभवातून असा विजय काढून ते मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मॅडमनी मांड्यांच्या ताकदीसाठी खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम सांगितला, तो त्यांनी लगेच ताब्यात घेतला. दुपारी सगळा हॉल "बैठ जा, खडा हो" या हुकमावर कवायत करत होता.

संध्याकाळी मॅडम आवराआवर करत होत्या. मी औषधांची खोकी मोजत होतो. मिस्त्री उठले, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, एक गाडी हाय."

"कसली गाडी?"

"गाडी. मॉडेल पस्तीस. लय चांगली गाडी, कवा कुरकुर न्हाई. दिवाळीपास्नं सकाळी स्टार्ट घेत न्हाई."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी खोक्याकडं बघितलं.

"काका, मी गाड्यांची डॉक्टर नाही."

"म्हाईत हाय. ऐका तर. पावणेसहाला सुरू करायला गेलं की धडपडती. थांबती. परत धडपडती. तासभर असंच. पर अकरा वाजता बघावं तर मक्खन. आता मला सांगा, घासल्याली गाडी कशी असती? सकाळी बरी आणि पळवल तशी आवाज वाढवती. ह्यी उलटी हाय. पळवल तशी सुधारती. म्हंजे ह्ये झिजल्यालं न्हाई. ह्ये दुसरं कायतरी हाय."

मॅडमचा हात बॅगेच्या चेनवर होता, तो तिथंच राहिला. "एका चाकाला आहे की दोन्ही?"

"दोनी फुडच्या."

"मोठी बेअरिंगं की बारकी?"

"बारकी. समदी बारकी."

"काका, ही गाडी बाई आहे ना?"

"मॅडम, ह्यी गाडी दुसऱ्याच्या घरची हाय," मिस्त्री म्हणाले. "नाव इचारू नगा."

मला एकदम माझ्या दुकानातली पाकिटं दिसायला लागली. मी खोकं खाली ठेवलं आणि म्हणालो, "मॅडम, त्या गाडीला दसऱ्यापासून मी गोळ्या देतोय."

मिस्त्रींनी माझ्याकडं अशी नजर टाकली, की फौजेत तिला कोर्ट मार्शल म्हणत असावेत.

मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, हे तसं असेल तर शरीरातली फौजच बिथरलेली असते. बाहेरचा शत्रू सोडून आपल्याच सांध्यांवर गोळीबार करते. आमवात. का बिथरते ते अजून पुरतं कळलेलं नाही. घराण्यात असलेला कल, तंबाखूचा धूर, हिरड्यांचे आजार, आतड्यातले जंतू, सगळ्या वाटांनी शोध चाललाय. पण एक गोष्ट पक्की कळली आहे. लवकर पकडलं तर बोटं वाचतात. वर्ष-दोन वर्षं नुसत्या दुखण्याच्या गोळ्यांवर काढली, तर बोटं वाकडी होतात आणि ती परत सरळ होत नाहीत.

"आपलीच फौज आपल्या माणसावर गोळी चालवती?" मिस्त्रींना ते फार लागलं. "कमांडर कुठं गेल्ता?"

"उद्या सकाळी आणा त्या गाडीला," मॅडम म्हणाल्या. "गरम व्हायच्या आत."

आता प्रश्न असा होता, की आणायचं कसं. रूपाली सासूला विचारल्याशिवाय येणार नाही. सासूला विचारावं, तर ती मिस्त्रींच्या तोंडून आलेली सूर्य उगवल्याची बातमीसुद्धा खोटी ठरवेल. आपल्या अंगणात पोचल्यावर मिस्त्रींनी मला भिंतीशी उभं केलं आणि परेडच्या आवाजात म्हणाले, "मेडिकल, आज शंभर गुडघं तपासलं. गावात एका बी बाईचा गुडघा बिनआवाजाचा न्हाई. एका बी. काय काय तर घरातनं भ्यालं आणि आलंच न्हाईत."

भिंतीपलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"कोण भ्यालं गं, रूपे?" हौसाक्का पलीकडून सुनेला विचारत होत्या. "उद्या उजाडल्याबरुबर जायाचं आपण. मला त्या शिबिराच्या कागदावर सही कुठं करायची ते दाव. माझा गुडघा वाजतोय म्हननारा अजून पैदा व्हायचाय."

मिस्त्रींनी माझ्या पाठीत अशी थाप मारली, की मला माझ्या दुकानातला बाम काढावा लागला.

सकाळी साडेसहाला हौसाक्का हॉलच्या दारात. मागं रूपाली, हात पदराखाली. मॅडमनी नियमाप्रमाणं हौसाक्कांना पहिला प्रश्न केला, "आजी, दुखणं दहापैकी किती?"

हौसाक्कांनी मान ताठ केली. "धापैकी धा. मी कशात कमी पडलीया?"

"म्हणजे खूप दुखतं?"

"अजिबात न्हाई."

मॅडमनी समजावलं, की इथं शून्य सगळ्यात चांगलं. हौसाक्कांना ते पटलं नाही, पण त्यांनी मान्य केलं. "मग शून्य घाला. पर शून्य मिळाल्यालं गावात कुणाला सांगू नगा."

गुडघ्याला वायरी लागल्या. हौसाक्का उठल्या. पडद्यावर सुयांचं जे रान उमटलं ते बघून मॅडमच्या मदतनीस मुलीनं वायर सुटली का ते तपासलं. मिस्त्री कोपऱ्यात पेचकस घेऊन उभे होते. त्यांच्या आयुष्यात अशी संधी परत येणार नव्हती. आणि त्या माणसानं, मी साक्षीला आहे, तोंडातून अक्षर काढलं नाही. ते हौसाक्कांच्या गुडघ्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर सुनेवर होती.

मॅडम उठल्या. "आणि तुम्ही सूनबाई का?" म्हणत त्यांनी हस्तांदोलनाला हात पुढं केला. आमच्याकडं बायका असा हात मिळवत नाहीत. रूपाली गोंधळली, सासूकडं बघितलं आणि मग पदराखालून हात काढून पुढं केला. मॅडमनी तो हलकेच दाबला. किती हलकेच म्हणाल, तर पिकलेला आंबा बघतात तेवढा. रूपालीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते पुसायला तिनं जो दुसरा हात वर केला, त्याची बोटं मिटेनात.

हौसाक्का खुर्चीत वायरींसकट बसलेल्या होत्या. त्या सुनेच्या हाताकडं बघत राहिल्या. घरात दसऱ्यापासून तो हात समोर होता. मॅडमनी सुजलेली बोटं एकेक करून दाखवली, फौज बिथरल्याचं सांगितलं, कशाकशाचा शोध चाललाय तेही सांगितलं. हिरड्यांचं नाव निघाल्यावर हौसाक्कांनी कमरेची मिश्रीची डबी आणखी आत सारली. मग म्हणाल्या, "तिची बोटं वाकडी हुतील?"

"वेळेत आलात," मॅडम म्हणाल्या. "नाही होऊ द्यायची."

रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि निदान पक्कं झालं. पुढचे महिने हा माझ्या दुकानाचा सुवर्णकाळ. फार विक्री झाली म्हणून नव्हे, तर मी पहिल्यांदाच विचारून-सांगून गोळी दिली म्हणून. रूपालीची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. मी पाकिटावर बोटभर अक्षरांत लिहिलं, 'फक्त रविवार'. हौसाक्कांचा हिशोब वेगळा होता. "हप्त्याला एक घिऊन तीन म्हैन्यांत गुण येतोय, तर रोज एक घिऊन पंधरा दिसांत का न्हाई?" मी काउंटरवर हात आपटून सांगितलं, की रोज घेतली तर दवाखान्यात न्यावं लागेल, आणि मग मला तुरुंगात. दोन्हीतल्या कुठल्या गोष्टीनं त्या घाबरल्या ते कळलं नाही, पण घाबरल्या.

तरी मिस्त्रींना भरवसा नव्हता. दर रविवारी सकाळी आठला ते भिंतीशी उभे राहायचे आणि पेचकसाच्या मुठीनं तीन ठोके द्यायचे. "सीजफायर." पलीकडून रूपालीचं उत्तर यायचं, "घितली, आण्णा." इतर दिवशी पाकीट हौसाक्कांच्या कुलपात. रक्त तपासायला इस्लामपूरला जायच्या दिवशी मिस्त्री आदल्या सायंकाळी मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तारीख म्हणायचे, आणि ती हौसाक्कांना बरोबर ऐकू जायची.

एक प्रश्न मात्र हौसाक्कांना सुटत नव्हता. त्या माणसाला कळलं कसं? रूपालीनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. मिस्त्री त्यांच्या घरात पाऊल टाकत नव्हते. म्हणजे फितूर मी. "मेडिकलनंच सांगितलं. त्याच्या पोटात पाणी ऱ्हात न्हाई." मी शपथ घेतली. मिस्त्रींना विचारलं, तर ते म्हणायचे, "गाडीचा आवाज," आणि विषय गुंडाळायचे.

चैत्रात मॅडम परत आल्या. गावानं त्यांचा सत्कार ठेवला होता, आणि मॅडमनी अट घातली, की सत्कार माझा नाही, मिस्त्रींचा करा. ग्रामपंचायतीचा तोच हॉल. ताशा होता. हार होता. फेटा बांधताना मिस्त्रींनी फेटेवाल्याचा गुडघा ऐकून घेतला. रूपाली पुढं आली आणि तिनं दोन्ही हातांनी नारळ उचलून त्यांच्या हातात दिला. मॅडमनी तिच्या मुठी वळवून सगळ्यांना दाखवल्या. दहाही बोटं पूर्ण मिटलेली, आणि उघडली की सरळ. आजार कायमचा गेला म्हणता येणार नाही, गोळी आणि तपासण्या चालू राहतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण ते कुणाच्या कानात शिरलं असेल असं वाटत नाही. टाळ्या थांबतच नव्हत्या. मी माझ्या आयुष्यात एका मुठीला एवढ्या टाळ्या पडलेल्या बघितल्या नाहीत.

मग मॅडमनी माईक मिस्त्रींच्या तोंडाजवळ धरला. "काका, आता सगळ्यांसमोर सांगा. सकाळी आखडतं आणि दुपारी सुटतं, हे पेशंटनं सांगावं म्हणून आम्हाला शंभर प्रश्न विचारायला लागतात. तुम्हाला कसं कळलं?"

"गाडीचा आवाज."

लोक हसले. मॅडमही हसल्या, पण माईक काढला नाही. "कुठला आवाज, काका?"

मिस्त्रींनी फेटा जरा मागं सारला. पेचकस या हातातून त्या हातात घेतला. पहिल्या रांगेत मी होतो आणि मला त्यांचा चेहरा बघून उगाच चप्पल शोधावीशी वाटली.

"भाकरीचा," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही.

"पलीकडं पावणेसहाला भाकरी थापत्यात. भित एकच हाय. पयली थाप पडली की मी उठतो. एका भाकरीला चाळीस-पन्नास थापा, सरळ, एका चालीत. इंजिन कसं एका लयीत पळतंय तसं. दिवाळीनंतर चाल तुटली. दोन थापा, गप. तीन थापा, गप. मला वाटलं पोरगी दमली असंल. पर अकराला रानात न्यायच्या भाकऱ्या थापत्यात, त्या परत एका चालीत. रोज तसंच. मग म्हटलं, ह्ये झिजल्यालं न्हाई."

"तुम्ही रोज ऐकता?" मॅडमनी विचारलं. माईक अजून तिथंच होता, त्यामुळं उत्तर हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं.

"मंडळी गेल्यापास्नं घरात दुसरा आवाज न्हाई, मॅडम."

ताशेवाल्यानं काठ्या काखेत धरल्या. बायकांच्या बाजूला रूपालीनं पदर तोंडाला लावला. मिस्त्री खाली बघत होते. त्यांना बहुतेक आता कळलं होतं, की आपण काय बोलून बसलो. तेवढ्यात बायकांच्या मधून हौसाक्का, खुर्चीला हात न लावता, दोन्ही गुडघे वाजवत उभ्या राहिल्या. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा, मध्ये कुणालाही न घालता, थेट मिस्त्रींना म्हणाल्या:

"आवं, म्हंजे सा वर्सं नुसता भाकरीचा आवाजच जेवला व्हय तुमी? उद्या दारातनं या, कालवण बी हाय."